दुसऱ्या बॅटरीचं अर्थिंग

हाताला लागेल ती वस्तू मी एकदा ओढून बघते. पिशवीचे बंद, गॅसची नळी, नवऱ्याच्या शर्टाचं बटण. लेकीच्या साखरपुड्यात विहीणबाईंनी तिच्या गळ्यात हार घातला, तर माझा हात आपोआप पुढं गेला आणि मी हाराचा फासा ओढून पाहिला. सोनं खरं की खोटं ते मी तपासतेय असं वाटून त्या बाई माझ्याकडं अशा बघायला लागल्या की काही विचारू नका. आता काय सांगणार त्यांना, की बाई गं, हा संशय नाही, ही कंपनीची सवय आहे.

चाकणच्या एका कंपनीत मी एकोणीस वर्षं गाड्यांचं वायरिंग बांधलं. समोर पलंगाएवढी फळी, तिच्यावर खिळे, त्या खिळ्यांमधून वायरी न्यायच्या आणि प्रत्येक वायरीचं टोक तिच्या तिच्या घरात बसवायचं. पहिल्या दिवशी शिकवलं ते एवढंच: ढकला, टिक् ऐका, ओढून बघा. ओढल्यावर सुटलं नाही तर कागदावर टिक मारायची आणि खाली सही. पुढं कुठं काही बिघडलं तर टिक कुणाची आहे ते बघतात, बाकी काही विचारत नाहीत. एकोणीस वर्षांत माझ्या टिकेखालची एक वायर परत आली नाही. हे मी मोठेपणा म्हणून सांगत नाही. बरं, सांगते मोठेपणा म्हणून. माझा आहे तो.

आमचे हे दुसऱ्या कंपनीत, पेंट शॉपला. रंगवलेली गाडी दिव्यांखालून पुढं सरकते आणि हे तिच्या अंगावरून नजर फिरवतात. केसाएवढा ओरखडा दिसला, कुठं जरा रंग सुटलेला दिसला, की तिथल्या तिथं दुरुस्त करायचं. माणूस मुळात शांत, मोशीच्या जुन्या घरातला, चार वाक्यांच्या जागी एक ‘व्हय’ म्हणणारा. पण उघडं लोखंड दिसलं की ह्यांचा जीव कासावीस होतो. खिशात पेनाशेजारी काळ्या रंगाची छोटी बाटली कायम असते, नेलपॉलिशसारखी, आत बारीक ब्रश. घराच्या फाटकाला, शेजारणीच्या स्कूटरला, एकदा तर देवळाच्या रेलिंगला आरती चालू असताना ह्यांनी रंगाचा ठिपका लावलाय. मी हाताला चिमटा काढला तर म्हणाले, “गंज लागंल त्याला.”

दोन वर्षांपूर्वी आमची लाइन दुसऱ्या राज्यात हलवली आणि आम्ही सगळ्या बायका घरी बसलो. म्हणजे त्या बसल्या. मी सासऱ्यांच्या म्हशींचा रिकामा गोठा झाडून घेतला, वर नवे पत्रे टाकले आणि बाहेर पाटी लावली: गाड्यांचं वायरिंग करून मिळेल. पहिले दोन महिने लोक यायचे, आत डोकवायचे आणि विचारायचे, “मिस्त्री कुठायत?” मी म्हणायचे, “बोला, तीच बोलतेय.” काही जण बोलायचे, काही जण ‘परत येतो’ म्हणून जायचे. गेलेल्यांच्या गाड्यांचे नंबर मी लक्षात ठेवलेत. रागीट आहे मी, लपवत नाही.

डॉक्टरीणबाई पहिल्यांदा आल्या त्या शेजारच्या आजारी गाईला बघायला. जनावरांच्या डॉक्टर. वय पस्तिशीचं, पायात गमबूट आणि दारात उभी त्यांची जुनी जीप, चारही चाकांना जोर असलेली, डोंगरात चढणारी. गाय तपासून झाली आणि जीप सुरूच होईना. मी माझ्या बॅटरीवरून केबल लावून ती सुरू करून दिली. तर बाई हसून म्हणाल्या, “हे माझं नेहमीचंच आहे, ताई. मागच्या महिन्यात बैल जुंपून ओढायला लागली. ज्या बैलांना मी सुई टोचली, त्यांनीच मला बाहेर काढलं.”

मी विचारलं, असं होतं तरी कशामुळं. तर कारण म्हणजे फ्रिज. बाई धरणापलीकडच्या वाड्यांवर फिरून जनावरांना लस टोचायच्या. तिकडं रस्ता संपतो तिथून पुढं जीप जाते आणि जीप संपते तिथून पुढं पायी. लस थंड लागते. आठ अंशांच्या वर गेली की फेकायची, मग ती जनावराला टोचली काय आणि ओढ्यात ओतली काय, सारखंच. म्हणून जीपमध्ये मागं एक लहान फ्रिज ठेवलेला, गाडीच्याच बॅटरीवर चालणारा. बाई वाडीत हिंडायच्या, फ्रिज उभ्या गाडीत बॅटरी पीत बसायचा आणि संध्याकाळी गाडी सुरू करायला बॅटरीत जीवच उरायचा नाही. म्हणून मग फ्रिज मध्येच बंद ठेवायचा आणि सोबत बर्फाचा जड डबा वागवायचा.

“दुसरी बॅटरी बसवू,” मी म्हटलं.

“जमेल तुम्हाला?”

हा प्रश्न दुसऱ्या कुणी विचारला असता तर माझ्या डोक्यात तिडीक गेली असती. पण त्यांनी खरंच माहिती हवी म्हणून विचारला होता. म्हणून मीही नीट सांगितलं. घरावर दोन टाक्या असतात तसं समजा. एक टाकी फक्त गाडी सुरू करायला, तिला फ्रिजनं हात लावायचा नाही. दुसरी टाकी फ्रिजची. इंजिन चालू असलं की दोन्ही भरतात, इंजिन बंद झालं की मधला व्हॉल्व्ह आपोआप बंद होतो. हा व्हॉल्व्ह म्हणजे एक रिले. दुसरी बॅटरी पार रिकामी झाली तरी पहिली भरलेलीच राहते आणि गाडी चालू होतेच होते.

बाईंनी सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, “पुढच्या आठवड्यात माझी तीन दिवसांची फेरी आहे. साथ आहे तिकडं. तोपर्यंत होईल?”

“गुरुवारी गाडी आणा.”

गुरुवारी आमच्याकडं सगळ्या कंपन्यांना सुट्टी. म्हणजे हे घरी असतात आणि मला चार हात मिळतात.

सामान आणायला मी बुधवारी पिंपरीला गेले. कॅम्पातल्या दुकानात रिले मागितला तर दुकानदार म्हणतो, “वहिनी, भाऊंना पाठवा ना, नेमका कुठला पाहिजे ते त्यांना कळेल.” मी म्हटलं, “भाऊंना रंगातलं कळतं. तुम्ही तो वरच्या फळीवरचा डबा काढा, त्याच्या डावीकडचा, आणि जाड केबल द्या, करंगळीएवढी. फ्यूज दोन, दोन्ही बॅटऱ्यांना एकेक.” मग गप बसला. केबल मी दुकानातच ओढून बघितली.

गुरुवारचं काम मला अजून पाठ आहे. मागच्या सीटखाली बॅटरीसाठी लोखंडी पाळणा, तो ह्यांनी वेल्डिंग करून, रंगवून आदल्या रात्रीच तयार ठेवलेला. पुढून मागं केबल नेली ती जिथं जिथं लोखंडाला घासेल तिथं तिथं रबरी नळीतून. केबलच्या टोकांना तांब्याच्या रिंगा दाबून बसवल्या आणि एकेक रिंग पाय लावून ओढली. खरंच, जमिनीवर बसून, पाय जीपच्या चाकाला टेकवून. एकही हलली नाही. फ्रिजचा प्लग मला पटला नाही, खडबडीत रस्त्यावर ढिला होतो म्हणून मी तो सरळ कापून टाकला आणि फ्रिजची वायर बॅटरीला पक्की जोडली.

राहिलं अर्थिंग. वीज एका वायरीनं जाते आणि परत यायला तिला वाट लागते. गाडीत ती वाट म्हणजे गाडीचं अंग, तिचं लोखंड. म्हणून बॅटरीची दुसरी, काळी केबल सांगाड्याला बोल्टनं आवळायची. पण सांगाडा रंगवलेला असतो आणि रंगातून वीज जात नाही. तेवढी जागा मी कानस घेऊन घासली, एका रुपयाच्या नाण्याएवढी, अगदी चांदीसारखं लोखंड दिसेपर्यंत. मग घड्याळ बघितलं तर एक वाजून गेलेला. मी भाकरी टाकायला घरात गेले.

हे जेवायला दहा मिनिटं उशिरा आले. ताटावर बसले तेव्हा थिनरचा वास आला. पण हा वास ह्यांना लग्नापासून आहे, त्यात काय विचारायचं?

जेवण झाल्यावर मी पुढच्या बॅटरीचा फ्यूज जोडत होते. ह्यांना म्हटलं, “मागचा तेवढा अर्थिंगचा बोल्ट आवळून टाका.” त्यांनी आवळला, मनापासून आवळला. मी जाऊन रिंग धरली आणि ओढली. तसूभर हलली नाही. कागदावर टिक मारली.

इंजिन चालू करून मीटर लावला. पुढच्या बॅटरीवर चौदा व्होल्ट, मागच्या बॅटरीवर चौदा व्होल्ट. इंजिन बंद केलं, रिलेनं टक् करून दोन्ही वेगळ्या केल्या. फ्रिज घुमायला लागला. शुक्रवारी बाई गाडी न्यायला आल्या तेव्हा मी त्यांना म्हटलं, “निर्धास्त जा. तो बर्फाचा डबा आता घरी ठेवा. काही झालं तर जबाबदारी माझी.”

असं मी कुणालाही म्हणत नाही. त्यांना म्हटलं, कारण काम चोख होतं.

फेरी मंगळवार, बुधवार, गुरुवारची. मंगळवारी संध्याकाळी बाईंचा मेसेज आला, सगळं मस्त. बुधवारी काही आला नाही, तर मी तेही चांगलंच धरलं. गुरुवारी सकाळी मी चहा गाळत होते, तेव्हा फोन.

“ताई, फ्रिज टीटी करतोय. लाल दिवा लागलाय. आतला आकडा पाच असतो तो सहा झालाय.”

“गाडी चालू होतेय का?”

“एका फटक्यात होते. आता चालूच ठेवलीय. पण फ्रिजचं टीटी थांबत नाही.”

इंजिन चालू, म्हणजे मागची बॅटरी भरत असायला हवी. भरत असेल तर फ्रिज ओरडणार नाही. मी विचारलं, “बर्फाचा डबा आहे ना?”

“तुम्हीच म्हणालात ना ताई, घरी ठेवा म्हणून.”

मी म्हणाले होते. आणि फ्रिज पुढच्या बॅटरीला जोडावा म्हटलं तर त्याचा प्लगही मीच कापला होता. बाईंनी शांतपणे सांगितलं की दोन वाड्यांची जनावरं एका ठिकाणी बांधून लोक थांबलेत, लस ह्याच एका फ्रिजात आहे, ती गेली तर परत मिळायला किती दिवस लागतील सांगता येत नाही आणि शेजारच्या वाडीत तीन जनावरं पडलीत. आवाज चढला नाही त्यांचा. त्या ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

“दार उघडू नका फ्रिजचं,” मी म्हटलं. “त्याच्यावर गोधडी टाका, मिळतील तेवढ्या टाका. मी निघाले.”

केबल, मीटर, पान्हे पिशवीत कोंबले आणि ह्यांच्या मोटरसायकलवर मागं बसले. मोशीतून चाकण, चाकणच्या चौकातून पश्चिमेला. गुरुवार असल्यामुळं चौक जरा मोकळा, म्हणजे दहा मिनिटांत सुटलो. रस्ताभर माझं तोंड चालू. रिलेवाल्यानं फसवलं असणार. तरी म्हटलं त्याच्या चेहऱ्यावरच लिहिलंय. नाहीतर फ्रिजच खराब. नाहीतर बाईंनी गाडीवर काहीतरी लादलं असेल आणि केबल दाबली गेली असेल, ह्या शिकलेल्या लोकांना वायरीची किंमत नसते. मी एकेका जोडाची मनात उजळणी करत होते, पुढची रिंग, मधली रिंग, फ्यूजची रिंग, आणि एकेक माझ्या हाताखालून पास होत होती.

“माझा हात चुकत नाही,” मी ह्यांच्या पाठीला सांगितलं. “दुसऱ्या कुणाचा तरी चुकलाय.”

“व्हय,” ते म्हणाले.

“नुसतं व्हय काय? बोला की!”

“न्हाई चुकत तुजा हात.”

ते खरं मानून बोलत होते. खरंच मानत होते. आणि मी भीतीनं बोलत होते, ते मला घाट चढताना कळलं. एकोणीस वर्षांत माझी एक वायर परत आली नाही, तेव्हा फळी होती, सुपरवायझर होता, माझ्या मागं आणखी चार जणी तपासायच्या. इथं फक्त मी होते. हे काम फसलं तर कुणी मला रागावणार नव्हतं. लोक नुसतं म्हणणार, बाईनं केलेलं वायरिंग. आणि कुणाच्या तरी दावणीला जनावर मरणार.

धरणाच्या कडेला फोन लागला. आकडा सात.

वाडीच्या वर मोकळं आवार होतं, तिथं आंब्याखाली जीप उभी आणि भोवती पंचवीसतीस माणसं, बैल, गाई, वासरं. फ्रिजवर चार गोधड्या आणि गोधड्यांखालून ते टीटी, टीटी. आकडा बघायच्या पट्टीवर बाईंची नजर खिळलेली. सात पॉइंट सहा.

मी पिशवी खाली ठेवली. एक म्हातारे बाबा बैलाच्या पाठीवर हात ठेवून उभे होते, ते म्हणाले, “ही बाय करनार व्हय?”

“व्हय,” आमचे हे म्हणाले, छाती काढून. “हिनंच केलंय समदं.”

इतका राग आला मला त्या कौतुकाचा, त्या घडीला.

मीटर लावला. पुढची बॅटरी, चौदा. मागची, अकराच्याही खाली. म्हणजे पुढून वीज निघतेय आणि मागं पोचत नाही. फ्यूज शाबूत. मीटरचं काळं टोक इंजिनाच्या लोखंडाला टेकवून मोजलं: रिलेच्या अलीकडं चौदा, पलीकडं चौदा. दुकानदार सुटला. केबलचं मागचं टोक, चौदा. माझी रिंगही निर्दोष सुटली. जायची वाट पूर्ण ठीक होती.

मग राहिली यायची वाट.

मी केबलचा एक चिमटा मागच्या बॅटरीच्या काळ्या टोकाला लावला. दुसरा कुठं लावावा म्हणून बघितलं, तर जीपच्या मागच्या हुकाला, जिथं साखळ्या घासून घासून रंग उडालेला आणि लोखंड उघडं पडलेलं. तिथं चिमटा टेकवला, एक बारीक ठिणगी उडाली.

टीटी थांबलं.

गोधड्यांखालून फ्रिज घुमायला लागला. बाई पट्टीकडं बघत राहिल्या. सात पॉइंट सहा. सात पॉइंट सहा. बऱ्याच वेळानं सात पॉइंट पाच. बाई तिथंच, गमबुटासकट, धुळीत खाली बसल्या. मला रडायला येत होतं, पण मी रडले नाही, कारण माझं काम संपलं नव्हतं. हुकाचं लोखंड उघडं होतं म्हणून वीज आली. म्हणजे माझ्या बोल्टाखालचं लोखंड उघडं नव्हतं. पण ते तर मी स्वतः घासलं होतं, चांदीसारखं.

इंजिन बंद करायला सांगितलं, सीटखाली हात घातला आणि बोल्ट उलटा फिरवला. रिंग बाजूला केली.

काळा रंग. गुळगुळीत, एकसारखा, आरशासारखा. एक थेंब ओघळलेला नाही, ब्रशची एक रेघ नाही. नाण्याएवढी जागा इतक्या मायेनं रंगवलेली मी आयुष्यात पाहिली नव्हती.

मी मान वळवली. हे माझ्या खांद्यावरून आत बघत होते.

“त्ये मीच मारलंय,” ते म्हणाले. “उघडं लोखंड दिसलं. मला वाटलं तुजी कानस घसरली. आमच्याकडं जिथं रंग नको असतो तिथं आदीच टोपी बसवून येती. हितं टोपी न्हवती.”

टोपी नव्हती. घ्या! ह्यांच्या कंपनीत रंगाच्या आधी प्रत्येक अर्थिंगच्या जागेवर प्लॅस्टिकची टोपी बसवतात. रंग झाला, की पुढं कुणीतरी ती काढतो. टोपीखाली काय असतं, कशासाठी असतं, हे ह्यांना कुणी सांगितलं नाही आणि ह्यांनी कधी विचारलं नाही. टोपी असेल तर सोडायचं, नसेल तर रंगवायचं. आणि मी? मी आयुष्यभर अर्थिंगच्या रिंगा दाबल्या, पण ती रिंग ज्या लोखंडाला लागते ते लोखंड कधी बघितलं नव्हतं. ते दुसऱ्या कंपनीत. त्याच दुसऱ्या कंपनीतला माणूस माझ्या शेजारी ताटावर बसत होता.

बोल्टाच्या आट्यांमधून थोडीफार वीज जात होती, म्हणून गुरुवारी मीटरनं मला चौदा दाखवले. तेव्हा बॅटरी दुकानातून भरून आलेली, तिला काही नकोच होतं. मागायची वेळ आली तेव्हा वाट बंद. दोन दिवस फ्रिज नुसता साठ्यावर चालला.

“अहो, कप्पाळ माझं!” मी ओरडले. चांगली मोठ्यानं ओरडले, दोन वासरं बिचकली. आणखी बरंच तोंडाशी आलं होतं, रस्ताभर साठवलेलं सगळं. ह्यांनी मान खाली घातली. पन्नाशीचा माणूस, तीस माणसांपुढं. हातात ती काळी बाटली, कधी खिशातून काढली कोण जाणे, आणि तिचं टोपण नुसतं घट्ट करत होते.

बाई उठून आल्या. “काय झालं होतं, ताई?”

हे तोंड उघडणार होते. मी आधी बोलले.

“चूक माझी. मी ओढून बघितलं आणि टिक मारली. ओढून बघायची गोष्ट नव्हती ती, मोजायची होती. मोजली नाही.”

हे मी ह्यांना वाचवायला म्हटलं असं कुणाला वाटेल. नाही हो. टिक माझी होती. कंपनीत कुणाच्या हातानं रंग लागला हे कोणी विचारत नाही आणि तो नियम मला तेव्हाही पटत होता, आताही पटतो. पण मनातून राग होताच, भरपूर होता, आणि तो सगळा ह्यांच्यावर नव्हता. कशाला घासतेय हे एका वाक्यात सांगायला मला काय झालं होतं? पंचवीस वर्षांच्या संसारात मी ह्यांना वायरीतलं कधी काही सांगितलं नाही, कळणार नाही असं धरून. पिंपरीचा तो दुकानदार मला म्हणाला होता तसंच.

मी पिशवीतून कानस काढली आणि ह्यांच्या हातात दिली.

“घासा.”

ते कानशीकडं बघत राहिले. आयुष्यभर ज्या माणसानं गाड्यांचे ओरखडे बुजवले त्याला मी ओरखडे काढायला सांगत होते. “पार?” त्यांनी विचारलं.

“पार. लोखंड दिसेपर्यंत. इथून वीज परत जाते, रंगातून ती जात नाही. म्हणून टोपी असते.”

“असं व्हय,” ते म्हणाले. अगदी हळू, स्वतःशी. मग सीटखाली वाकले. पहिले दोन हात लागले ते इतके नाजूक की रंगाला कळलंही नसेल. मग जोर आला. काळी भुकटी पडत गेली आणि खालून पांढरं, स्वच्छ लोखंड वर आलं. त्यांनी बोटानं पुसलं, फुंकर मारली, परत घासलं. माझ्यापेक्षा चांगलं घासलं, कडा अगदी गोल.

मी रिंग लावली, बोल्ट आवळला, चिमटे काढले, इंजिन चालू करायला सांगितलं. मीटरचं एक टोक बॅटरीच्या काळ्या टोकावर, दुसरं सांगाड्यावर. यायच्या वाटेत काही अडत असेल तर इथं आकडा दिसतो. शून्य. फ्रिज घुमत राहिला. बाईंनी पट्टी बघून सांगितलं, सात. म्हाताऱ्या बाबांनी त्यांचा बैल पुढं घेतला आणि बाईंनी पहिली सुई भरली.

मी पान्हा पुसून पिशवीत टाकत होते. हे अजून तिथंच, सीटखाली वाकून. बोल्टाच्या कडेनं उघडं लोखंड राहिलं होतं, चकचकीत, बारीक कडं. ते त्याच्याकडं बघत होते. बाटली परत खिशात गेली होती. हात मात्र खिशावर.

“आता मारा,” मी म्हटलं.

त्यांना वाटलं मी चेष्टा करतेय.

“खरंच मारा. आवळून झाल्यावर वरून मारायचाच असतो. नाहीतर पहिल्या पावसात गंज लागेल आणि सगळं परत पहिल्यासारखं. मला एवढा चांगला मारता येत नाही.”

त्यांनी बाटली काढली. बोल्टाभोवती, रिंगेच्या कडेनं, श्वास धरून, एकच फेर. एक थेंब इकडचा तिकडं नाही. आवारात गाई हंबरत होत्या, लोक एकमेकांना ‘धर, धर’ म्हणत होते आणि हा माणूस सीटखाली अंधारात, कुणाला कधी दिसणारही नाही अशा जागी, पेंट शॉपच्या दिव्याखाली असल्यासारखं काम करत होता.

झालं तसा माझा हात पुढं गेला, रिंग ओढून बघायला.

“आं, आं,” ते म्हणाले आणि माझं मनगट धरलं. “ओला हाय.”

मी हात मागं घेतला. मीटरवर शून्य मी बघितलं होतं. पिशवीतून कागद काढला, टिक मारली आणि खाली सही करायला पेन त्यांच्या हातात दिलं.